वेब पाहताना हात कीबोर्डवरच राहावा म्हणून : ब्राउझरमधील उपयोगी शॉर्टकट

रामबागकर (इंदूर)

नमस्कार मंडळी,

ब्राउझरमधील शॉर्टकटांच्या याद्या हव्या तितक्या मिळतात. बहुतेक जण त्या एकदा वाचतात, छापूनही ठेवतात आणि मग पुन्हा माउसकडे वळतात. मी इंदुरात एका कर सल्लागारांच्या कार्यालयात काम करते आणि विवरणपत्रांच्या दिवसांत सकाळपासून संध्याकाळपर्यंत माझ्यासमोर ब्राउझरच असतो. शिवाय रविवारी आमच्या भागातील मराठी वाचनालयात ज्येष्ठ मंडळींना पेन्शन, बँक आणि रेल्वेची तिकिटे यांची कामे संगणकावर करायला मदत करते. या दोन्ही ठिकाणी जे पाहिले त्यावरून माझे पक्के मत झाले आहे की शॉर्टकट यादी पाठ करून येत नाहीत. जे काम दिवसातून वारंवार करावे लागते आणि ज्यासाठी हात सारखा कीबोर्डवरून उचलावा लागतो, त्या एका कामाचा शॉर्टकट घ्यावा, तो बोटांत बसू द्यावा आणि मगच पुढचा घ्यावा.

खाली लिहिलेले विंडोजवरील क्रोम, एज आणि फायरफॉक्स या तिन्हींत चालते. जिथे फरक आहे तिथे तो सांगितला आहे. मॅक वापरणाऱ्यांनी बहुतेक ठिकाणी कंट्रोलऐवजी कमांड कळ धरावी.

माझ्या मते पहिला शॉर्टकट पत्त्याच्या पट्टीचा असावा. कंट्रोल + एल दाबले की कर्सर थेट पत्त्याच्या पट्टीत जातो आणि तिथला जुना पत्ता आपोआप निवडला जातो, त्यामुळे तो खोडत न बसता नवा पत्ता किंवा शोधायचे शब्द लगेच टंकता येतात. ऑल्ट + डी आणि एफ६ यांनीही हेच होते. पत्ता टंकल्यावर नुसते एंटर न दाबता ऑल्ट + एंटर दाबले तर पान नव्या टॅबमध्ये उघडते आणि समोरचे काम जागेवर राहते. याच पट्टीत आणखी एक सोय आहे, जी फार थोड्यांना ठाऊक असते. एखादा पत्ता एकदा चुकीचा टंकला गेला की ब्राउझर तोच पुन्हा पुन्हा सुचवत राहतो. अशा वेळी खाली जाणाऱ्या बाणाने त्या सूचनेवर जावे आणि शिफ्ट + डिलीट दाबावे; ती सूचना यादीतून जाते. बँकेच्या पत्त्याच्या बाबतीत मी हे काम कधीच उद्यावर टाकू देत नाही, कारण एका अक्षराने चुकलेला पत्ता घाईत पुन्हा निवडला जाणे ही साधी गोष्ट नाही.

दुसरा शॉर्टकट कंट्रोल + शिफ्ट + टी. चुकून बंद झालेला टॅब यामुळे परत उघडतो आणि तेच पुन्हा दाबत गेले तर त्याआधी बंद झालेले टॅबही उलट्या क्रमाने परत येतात. टॅबसोबत त्याचा मागे-पुढे जाण्याचा इतिहासही येतो. मात्र अर्धवट भरलेल्या फॉर्ममधील मजकूर परत येईलच असे धरून चालू नये. क्रोमच्या गुप्त (इनकॉग्निटो) खिडकीत, म्हणजे पाहिलेल्या पानांचा इतिहास न ठेवणाऱ्या खिडकीत, हा उपाय चालत नाही. नवा टॅब कंट्रोल + टी ने उघडतो आणि कंट्रोल + डब्ल्यू ने बंद होतो, हे अनेकांना माहीत असतेच. त्यापुढे जाऊन कंट्रोलसोबत १ ते ८ हे अंक वापरून पाहावेत : कंट्रोल + १ ने पहिल्या टॅबवर, कंट्रोल + २ ने दुसऱ्यावर जाता येते, तर कंट्रोल + ९ नेहमी शेवटच्या टॅबवर नेते, मग टॅब कितीही असोत. आमच्या कार्यालयात आयकराचे पोर्टल पहिल्या टॅबमध्ये आणि ईमेल दुसऱ्या टॅबमध्ये ठेवण्याची पद्धत आहे, त्यामुळे टॅब शोधत बसावे लागत नाही.

तिसरा कंट्रोल + एफ, म्हणजे पानावर शब्द शोधणे. हा सर्वांना येतो, पण अर्धाच येतो. समजा एका लांबलचक पानावर पंचवीस दुवे आहेत आणि आपल्याला परिपत्रकाचा दुवा हवा आहे. कंट्रोल + एफ दाबून दुव्यातील एक शब्द टंकावा, एंटर दाबत योग्य जागी पोहोचावे (मागे यायचे असेल तर शिफ्ट + एंटर), मग एस्केप दाबावे. शोधपेटी मिटते, पण सापडलेला शब्द दुव्यातला असेल तर कर्सर त्या दुव्यावरच थांबतो. आता एंटर दाबले की दुवा उघडतो. कंट्रोल + एंटर दाबले तर तो नव्या टॅबमध्ये उघडतो. एवढ्या सगळ्यात माउसला हात लावावा लागलेला नाही.

फॉर्म भरण्याबद्दल मला सविस्तर लिहायचे आहे, ते पुढच्या प्रतिसादात लिहीन. तोवर आपण रोज कोणता शॉर्टकट वापरता आणि कोणत्या कामाला तो सापडत नाही, हे दोन्ही कृपया लिहावे.

गोरखी (ग्वाल्हेर)

रामबागकर ताई, धागा अतिशय उपयोगी आहे. मी निवृत्त शिक्षक असून माझा बहुतेक वेळ लेख आणि वर्तमानपत्रे वाचण्यात जातो, म्हणून वाचनाच्या बाजूने काही भर घालतो.

पान खाली सरकवण्यासाठी माउसचे चाक फिरवण्यापेक्षा स्पेसबार दाबणे सोयीचे आहे, कारण त्याने पान जवळजवळ एका पडद्याइतके सरकते आणि शेवटची ओळ कुठे होती ते शोधावे लागत नाही. शिफ्ट + स्पेसबार दाबले की तेवढेच मागे येते. होम आणि एंड या कळांनी पानाच्या अगदी वर आणि अगदी खाली जाता येते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेच्या आधी मला बारीक अक्षर अजिबात लागत नसे, त्या काळात कंट्रोल आणि अधिक चिन्हाने अक्षर मोठे करण्याची सवय लागली ती अजून आहे. कंट्रोल + ० दाबले की अक्षर मूळ आकारावर येते. ब्राउझर हा आकार प्रत्येक संकेतस्थळासाठी वेगळा लक्षात ठेवतो, ही त्यातली मोठी सोय आहे.

जाहिरातींनी भरलेल्या पानांसाठी फायरफॉक्समध्ये एफ९ दाबून पाहावे. ज्या पानांना वाचनदृश्याची सोय लागू होते, तिथे भोवतीचा सारा पसारा जाऊन फक्त लेख उरतो. एजमध्येही एफ९ ने असेच दृश्य मिळते आणि कंट्रोल + शिफ्ट + यू ने तो लेख मोठ्याने वाचून दाखवला जातो. माझ्या सौभाग्यवती स्वयंपाक करता करता मराठी लेख याच सोयीने ऐकतात.

आता एक शंका. पूर्वी बॅकस्पेस दाबले की ब्राउझर मागच्या पानावर जात असे. ते आता होत नाही. संगणकात काही बिघाड आहे की ही सोयच काढून टाकली आहे?

दांडियाबाजार (बडोदे)

गोरखी काका, आपल्या संगणकात काहीही बिघाड नाही. मी संकेतस्थळे बनवण्याच्या व्यवसायात आहे, त्यामुळे हा बदल जवळून पाहिला आहे. क्रोमने २०१६ मध्ये ५२ व्या आवृत्तीपासून बॅकस्पेसची ही सोय काढली आणि फायरफॉक्सने २०२१ मध्ये ८७ व्या आवृत्तीपासून विंडोजवर ती मुळातच बंद ठेवली. कारण फॉर्मचे होते. आपण एखाद्या रकान्यात टंकत आहोत असे समजून माणूस चुकीचे अक्षर खोडायला बॅकस्पेस दाबतो, पण कर्सर रकान्याच्या बाहेर गेलेला असतो. मग ब्राउझर मागच्या पानावर जातो आणि भरलेला सारा मजकूर जातो. एकाच कळेला खोडणे आणि मागे जाणे अशी दोन कामे दिल्यामुळे हे घडत होते. आता मागे जाण्यासाठी ऑल्ट + डावा बाण आणि पुढे येण्यासाठी ऑल्ट + उजवा बाण वापरावा. ही जोडी चुकून दाबली जाण्याची शक्यता फारच कमी आहे.

पान ताजे करण्याबद्दलही थोडे लिहितो. एफ५ किंवा कंट्रोल + आर ने पान पुन्हा मागवले जाते, पण त्यातील चित्रे आणि इतर फायली ब्राउझरने आधी साठवलेल्या असतील तर त्याच वापरल्या जाण्याची शक्यता असते. कंट्रोल + एफ५ किंवा कंट्रोल + शिफ्ट + आर ने मात्र साठवलेला भाग बाजूला ठेवून सारे नव्याने मागवले जाते. पोर्टलवर बदल झाला आहे असे सगळे सांगत असताना आपल्याला जुनेच पान दिसत असेल तर हा उपाय आधी करावा. पैसे भरण्याच्या पानावर यातले काहीही करू नये. तिथे पान आपोआप पुढे सरकेपर्यंत वाट पाहावी, नाहीतर तीच विनंती दुसऱ्यांदा पाठवली जाऊ शकते.

रामबागकर (इंदूर)

दांडियाबाजार भाऊ, बॅकस्पेसचा खुलासा वाचनालयात आवर्जून सांगण्यासारखा आहे. आता फॉर्मकडे वळते, कारण कीबोर्डचा खरा उपयोग तिथेच होतो.

मुख्य कळ म्हणजे कीबोर्डवरची टॅब. तिने पुढच्या रकान्यात जाता येते आणि शिफ्ट + टॅबने मागच्या रकान्यात. चौकोनात बरोबरची खूण करायची असेल तर त्यावर पोहोचून स्पेसबार दाबावा. गोल पर्यायांपैकी एक निवडायचा असेल, उदाहरणार्थ पुरुष, स्त्री किंवा इतर, तर त्या गटात टॅबने शिरावे आणि बाणांनी पर्याय बदलावा. टॅब पुन्हा दाबल्यावर तो पूर्ण गट मागे पडतो. ही गोष्ट न कळल्यामुळे अनेक जण दुसऱ्या पर्यायावर जाण्यासाठी टॅब दाबत राहतात आणि रकाना चुकला असे त्यांना वाटते.

राज्य निवडण्याच्या यादीचे उदाहरण घेते. टॅबने राज्याच्या रकान्यावर आलो की यादी उघडायचीही गरज नसते. इंग्रजी एम दाबला तर वर्णक्रमाने आधी येणारे मध्य प्रदेश निवडले जाते, आणि महाराष्ट्र हवे असेल तर एम, ए, एच ही तीन अक्षरे न थांबता टंकावीत. इथे वेग महत्त्वाचा आहे. एम आणि ए टंकून आपण थबकलो आणि मग एच दाबला, तर यादी ते नव्या शब्दाचे पहिले अक्षर समजते आणि थेट हरियाणावर जाऊन बसते. बडोद्याच्या मंडळींना जी आणि यू पुरतात, कारण गोवा मागे पडून गुजरात लगेच येते. यादी डोळ्यांसमोर उघडूनच पाहायची असेल तर ऑल्ट + खालचा बाण दाबावा.

यापुढची गोष्ट मी प्रत्येकाला दोनदा सांगते. राज्य निवडून झाल्यावर लगेच टॅब दाबून त्या रकान्यातून बाहेर पडावे. तसे न करता पान खाली सरकवण्यासाठी बाणाची कळ दाबली, तर पान सरकत नाही. बंद यादीतले राज्य गुपचूप बदलते आणि मध्य प्रदेशातील करदाता महाराष्ट्राचा होतो. फॉर्म पाठवण्यापूर्वी यादीचे सगळे रकाने पुन्हा एकदा नजरेखालून घालावेत, ते यासाठीच.

एंटर कळेबद्दलही सावध राहावे. अनेक फॉर्ममध्ये एका ओळीच्या रकान्यात एंटर दाबले की फॉर्म तिथूनच पाठवला जातो. पुढच्या रकान्यात जाण्यासाठी एंटर दाबण्याची सवय हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून येते, विशेषतः टॅलीवर वर्षानुवर्षे काम केलेल्यांना, आणि ती वेबवर मोडावी लागते.

चिकटवण्याच्या बाबतीत कंट्रोल + व्ही सोबत कंट्रोल + शिफ्ट + व्ही ही जोडी शिकावी. तिने मजकूर चिकटतो, पण मूळ ठिकाणचा रंग, आकार आणि फाँट येत नाहीत. ईमेलमध्ये परिपत्रकाचा उतारा देताना याचा फार उपयोग होतो. विंडोज कळ + व्ही ने आधी कॉपी केलेल्या नोंदींची यादी उघडते. ही सोय एकदा चालू करावी लागते आणि ती २५ नोंदींपर्यंत साठवते. खाते क्रमांक, आयएफएससी आणि नाव अशा तीन गोष्टी एकामागून एक कॉपी करून नंतर हव्या त्या क्रमाने चिकटवता येतात. अर्थात, ज्या संगणकावर आपल्याशिवाय इतर कोणी बसते, तिथे ही सोय बंदच असावी.

माळवामाती (इंदूर)

मी मराठी आणि हिंदीत भाषांतराचे काम करतो, म्हणून मराठी कळफलकाच्या अंगाने काही मुद्दे मांडतो, ज्यांचा उल्लेख सहसा कुठल्या यादीत नसतो.

विंडोजवर मराठी इनस्क्रिप्ट हा कळफलक चालू असतानाही कंट्रोल + टी, कंट्रोल + एल, कंट्रोल + सी यांसारखे शॉर्टकट त्यांच्या नेहमीच्या जागीच चालतात, त्यासाठी इंग्रजीवर यावे लागत नाही. मात्र जिथे नुसत्या एका अक्षराचा शॉर्टकट आहे, तिथे मराठी कळफलक भरवशाचा राहत नाही. यूट्यूबवर के ने व्हिडिओ थांबतो आणि चालू होतो, जे आणि एल ने तो दहा सेकंद मागे आणि पुढे जातो, सी ने उपशीर्षके येतात. जीमेलमध्ये सेटिंग्जमधून शॉर्टकट चालू केल्यावर सी ने नवे पत्र उघडते आणि प्रश्नचिन्हाने सगळ्या शॉर्टकटांची यादी समोर येते. हे सर्व वापरण्यापूर्वी विंडोज कळ + स्पेसबार दाबून इंग्रजीवर यावे. रामबागकर ताईंनी सांगितलेली राज्याची यादीही याच प्रकारात मोडते, कारण यादी इंग्रजीत असेल तर म टंकून काही हाती लागत नाही.

अनेकांची तक्रार असते की टंकता टंकता भाषा आपोआप बदलली. बहुतेक वेळा डाव्या बाजूची ऑल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबली गेलेली असते, कारण विंडोजमध्ये भाषा बदलण्याचा तोही एक शॉर्टकट आहे. तो नको असेल तर कीबोर्डच्या प्रगत सेटिंग्जमध्ये जाऊन बंद करता येतो आणि मी तो बंदच ठेवला आहे.

कंट्रोल + एफ चा देवनागरीतील अनुभव वेगळा आहे. ब्राउझर अक्षरे जुळवतो, अर्थ जुळवत नाही. आपण इंदूर टंकले तर हिंदी पानावरील इंदौर सापडत नाही, ग्वाल्हेर टंकले तर ग्वालियर सापडत नाही. आपल्याकडे मध्य प्रदेशात एकाच विषयाची कागदपत्रे दोन्ही भाषांत पाहावी लागतात, तेव्हा दोन्ही रूपे वेगवेगळी शोधण्याची सवय ठेवावी. आणखी मोठी अडचण जुन्या सरकारी पीडीएफची आहे. त्यांतील अनेक फायली कृतिदेव फाँटमध्ये केलेल्या असतात, ज्यात पडद्यावर देवनागरी दिसत असली तरी आत साठवलेली अक्षरे रोमन असतात. अशा फायलीत युनिकोड मराठीत (वेबवर आपण नेहमी टंकतो त्या पद्धतीच्या मराठीत) काहीही शोधले तरी उत्तर शून्य येते. तपासण्याचा सोपा मार्ग म्हणजे त्यातील एक ओळ कॉपी करून दुसरीकडे चिकटवणे. इंग्रजी अक्षरांचा गुंता आला तर ती फाईल कृतिदेवसारख्या फाँटमधली आहे आणि काहीच कॉपी होत नसेल तर ते स्कॅन केलेले चित्र आहे. दोन्ही प्रकारांत शब्द सापडला नाही म्हणून तो तिथे नाही असा निष्कर्ष काढू नये.

मांडवी (बडोदे)

या धाग्यावर लिहिल्याशिवाय राहवले नाही. मला दृष्टी नाही आणि मी गेली अनेक वर्षे केवळ कीबोर्डवर वेब वापरते. आपणा सर्वांसाठी शॉर्टकट ही सोय आहे, माझ्यासाठी दुसरा रस्ताच नाही.

मी एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरील मजकूर बोलून दाखवणारे सॉफ्टवेअर, वापरते. ऑस्ट्रेलियातील मायकेल करन यांनी २००६ मध्ये त्याची सुरुवात केली. ते स्वतः अंध आहेत. तो विनामूल्य आहे आणि मराठी मजकूरही वाचतो. पान उघडल्यावर मी ते पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत ऐकत बसते असे अनेकांना वाटते, पण तसे केले तर एका बातमीलाच सकाळ जाईल. मी एच दाबते आणि शीर्षकावरून शीर्षकावर जाते. १ ते ६ या अंकांनी त्या त्या पातळीच्या शीर्षकांवर जाता येते. के ने दुव्यांवर, एफ ने फॉर्मच्या रकान्यांवर, बी ने बटणांवर, टी ने तक्त्यांवर उडी मारता येते, आणि याच कळा शिफ्टसह दाबल्या तर मागे येता येते. तक्त्यात शिरल्यावर कंट्रोल + ऑल्ट धरून बाण दाबले की एकेक घर ऐकू येते, त्यामुळे खातेउताऱ्यात कोणती रक्कम कोणत्या तारखेची आहे ते बरोबर कळते. इन्सर्ट + एफ७ ने पानावरील सर्व दुव्यांची आणि शीर्षकांची यादी उघडते.

हे सगळे पान नीट बांधलेले असेल तरच घडते. एका संकेतस्थळावर मी फॉर्म पूर्ण भरला आणि पाठवण्याचे बटण काही केल्या मिळेना, कारण ते बटण म्हणून लिहिलेलेच नव्हते. पाहणाऱ्याला बटणासारखा दिसणारा रंगीत चौकोन होता. टॅब त्याच्यावर थांबत नव्हती आणि बी दाबूनही तो सापडत नव्हता. शेजारच्या मुलाला बोलावून एक टिचकी मारून घ्यावी लागली. सगळा फॉर्म स्वतः भरल्यानंतर केवळ शेवटच्या टिचकीसाठी दुसऱ्यावर अवलंबून राहणे मनाला फार लागते.

दांडियाबाजार (बडोदे)

मांडवी ताई, आपण लिहिलेला प्रसंग आमच्या व्यवसायाने गांभीर्याने घ्यावा असा आहे. आपण सांगितलेला चौकोन ही अगदी टाळता येण्यासारखी चूक असते. ब्राउझरला बटण म्हणून जो घटक ठाऊक आहे तो वापरला की टॅबने त्यावर पोहोचणे, एंटर आणि स्पेसबारने ते दाबणे आणि स्क्रीन रीडरने त्याला बटण म्हणणे या तिन्ही गोष्टी फुकट मिळतात. साध्या चौकोनाला माउसच्या टिचकीची आज्ञा जोडली की यातले एकही मिळत नाही.

वेबच्या सुगम्यतेची, म्हणजे दिव्यांगांसह सर्वांना वेब वापरता यावे यासाठीची, जी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे आहेत, डब्ल्यूसीएजी, त्यांत २००८ च्या आवृत्तीपासूनच हे स्पष्ट सांगितले आहे की पानावरील प्रत्येक काम कीबोर्डने करता आले पाहिजे, कीबोर्ड वापरणारा कुठल्याही घटकात अडकून पडता कामा नये आणि आपण आत्ता कोणत्या घटकावर आहोत ते दिसले पाहिजे. आपल्या देशातील सरकारी संकेतस्थळांची मार्गदर्शक तत्त्वेही याच धर्तीवर आहेत आणि दिव्यांग व्यक्तींच्या अधिकारांचा २०१६ चा कायदा माहिती आणि तंत्रज्ञान सर्वांना वापरता यावे असे सांगतो.

तिसऱ्या मुद्द्याकडे डोळस वापरकर्त्यांनीही लक्ष द्यावे. टॅब दाबत गेल्यावर ज्या घटकावर आपण पोहोचतो त्याच्याभोवती एक रेघ उमटते. काही ठिकाणी ती दिसायला बरी नाही म्हणून एका ओळीच्या आज्ञेने काढून टाकलेली असते. मग डोळ्यांनी पाहणाऱ्यालाही आपण कुठे आहोत ते समजत नाही आणि तो शॉर्टकटला दोष देतो. नवे पान उघडल्यावर टॅब एकदाच दाबून पाहावी; चांगल्या संकेतस्थळावर सर्वांत आधी मुख्य मजकुराकडे जाण्याचा दुवा उमटतो, ज्यामुळे वरचा पूर्ण मेनू ओलांडता येतो. बहुतेकांनी तो कधी पाहिलेलाही नसतो, कारण टॅब दाबेपर्यंत तो लपलेला असतो.

ज्यांना दुव्यांवर याहून जलद जायचे आहे, त्यांनी फायरफॉक्समध्ये अवतरणचिन्हाची एकेरी कळ दाबून दुव्यातील शब्द टंकून पाहावा. शोध फक्त दुव्यांमध्येच होतो. व्हिमियम नावाचे विस्तारकही (ब्राउझरला जोडायचे छोटे सॉफ्टवेअर) आहे, ज्यात एफ दाबल्यावर प्रत्येक दुव्यावर एक-दोन अक्षरांची चिठ्ठी उमटते आणि ती अक्षरे टंकली की दुवा उघडतो. ते उत्तम आहे, पण असे विस्तारक सर्व पानांवरील मजकूर वाचण्याची परवानगी मागते, म्हणून बँकेची आणि कराची कामे ज्या ब्राउझरमध्ये होतात तिथे ते बसवू नये असे मला वाटते.

नवलखा (इंदूर)

सर्वांचे प्रतिसाद मनापासून वाचले, तरी एक वेगळे मत मांडतो. माझे वडील पंच्याहत्तरीचे आहेत. त्यांना माउस आता कुठे जमू लागला आहे आणि कीबोर्डवर एकेक अक्षर शोधावे लागते. अशा माणसाला तीन-तीन कळा एकत्र दाबायला सांगणे म्हणजे त्यांचा आत्मविश्वास घालवणे आहे. शिवाय कंट्रोल + डब्ल्यू चुकून दाबले गेले आणि सारे पान नाहीसे झाले, तर ते पुन्हा संगणकाला हात लावणार नाहीत.

रामबागकर (इंदूर)

नवलखा भाऊ, आपली काळजी योग्य आहे आणि वाचनालयात मी तीच डोळ्यांसमोर ठेवते. वडिलांना तीन कळांचा एकही शॉर्टकट आज सांगू नका. पण माउसचाच त्रास कुठे होतो ते त्यांच्या शेजारी बसून पाहावे. बहुतेक ज्येष्ठांचा हात थोडा थरथरतो, त्यामुळे लहान चौकोनात नेमकी टिचकी मारणे आणि सरकपट्टी धरून ओढणे त्यांना जड जाते. तिथे स्पेसबार ही एकच कळ सांगावी : पान खाली न्यायला स्पेसबार आणि चौकोनात खूण करायलाही स्पेसबार. ती कीबोर्डवरची सर्वांत मोठी कळ असल्याने शोधावी लागत नाही. त्यानंतर रकान्यातून रकान्यात जाण्यासाठी टॅब. एवढ्याने त्यांचे पेन्शनचे काम बरेच हलके होईल.

कंट्रोल + डब्ल्यूची भीती मात्र घालवावी लागेल आणि त्यासाठी घरी मुद्दाम एक पान बंद करून ते त्यांच्यासमोर कंट्रोल + शिफ्ट + टी ने परत आणून दाखवावे. गेलेली गोष्ट परत येते हे डोळ्यांनी पाहिल्यावर ज्येष्ठ मंडळी अधिक मोकळेपणाने हात चालवतात. क्रोममध्ये पूर्ण खिडकी बंद झाली तरी ब्राउझर पुन्हा उघडून याच शॉर्टकटने तिच्यातले टॅब परत आणता येतात. कळा एकत्र दाबणे जमत नसेल तर विंडोजच्या सुगम्यतेच्या सेटिंग्जमध्ये स्टिकी कीज नावाची सोय आहे. ती चालू केली की शिफ्ट, कंट्रोल, ऑल्ट या कळा एकामागून एक दाबल्या तरी एकत्र दाबल्यासारख्या धरल्या जातात. पाच वेळा शिफ्ट दाबले की जी खिडकी उघडते आणि आपण कंटाळून बंद करतो, ती हीच.

गोरखी (ग्वाल्हेर)

स्टिकी कीजचा हा उपयोग मला ठाऊक नव्हता, आजच एका मित्राला सांगतो. एक शेवटचा प्रश्न : आमच्याकडे काही जण बँकेचे काम वाचनालयातील सामायिक संगणकावर करतात. काम झाल्यावर मागे काही राहू नये म्हणून कीबोर्डने काय करावे?

रामबागकर (इंदूर)

काका, काम सुरू करतानाच गुप्त खिडकी उघडावी. क्रोम आणि एजमध्ये त्यासाठी कंट्रोल + शिफ्ट + एन आहे, तर फायरफॉक्समध्ये कंट्रोल + शिफ्ट + पी. काम संपल्यावर आधी संकेतस्थळातून रीतसर लॉगआउट करावे आणि मग ती पूर्ण खिडकी कंट्रोल + शिफ्ट + डब्ल्यू ने बंद करावी. गुप्त खिडकी भेट दिलेल्या पानांचा इतिहास ठेवत नाही, पण उतरवून घेतलेल्या फायली संगणकावर तशाच राहतात; म्हणून ती खिडकी बंद करण्याआधीच तिच्यात कंट्रोल + जे दाबून उतरवलेल्या फायलींची यादी पाहावी आणि खातेउताऱ्याची पीडीएफ तिच्या फोल्डरमधून शिफ्ट + डिलीट ने काढावी, म्हणजे ती कचरापेटीतही जात नाही. जे आधीच साध्या खिडकीत काम करून बसले असतील त्यांनी कंट्रोल + शिफ्ट + डिलीट दाबावे. इतिहास, कुकीज आणि साठवलेली माहिती पुसण्याची पेटी उघडते, तिथे कालावधी निवडून पुसावे. शेवटी विंडोज कळ + व्ही दाबून पाहावे. तिथे कॉपी केलेल्या नोंदी दिसल्या तर त्याच पेटीतील सर्व पुसण्याचे बटण दाबावे आणि वाचनालयाच्या व्यवस्थापकांना ती सोय सेटिंग्जमधून बंद करायला सांगावे.